छापलेलंच असतं

माझी गोदाआत्या जगात कुणावरही विश्वास ठेवत नसे, आणि मी वाचायला शिकले ते शाळेत कमी आणि तिच्या या अविश्वासापायी जास्त. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण घरात येणारा प्रत्येक कागद, मग ते रेशनचं कार्ड असो, बियाण्याच्या पिशवीवरची छपाई असो की खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी, ती माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची. एकदा सकाळी चुलीपाशी आणि एकदा दिवेलागणीला. दिवसभर सकाळचं वाचन मनात धरून ठेवायची, आणि संध्याकाळी एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की लगेच पकडायची. "सकाळी तर तू दोन चमचे म्हणलीस. आता एक-दोन म्हणून राहिली. खरं काय त्यातलं?" खरं वाचणाऱ्याला दोन्ही वेळा तेच सांगता येतं आणि खोटं वाचणाऱ्याला सकाळचं आठवत नाही, अशी तिची खात्री होती. पुढे मी सगळी नोकरी झेडपीच्या शाळांतून केली, कितीतरी प्रशिक्षणं झाली, पण वाचनाची याहून कडक परीक्षा मला कुणी शिकवली नाही.

आत्या म्हणजे आमच्या अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिला पुसेगावला दिलं होतं. नवरा गेला तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिरांनी तिच्यापुढे एक कागद धरला, ग्रामपंचायतीत मयताची नोंद करायची आहे म्हणाले, आणि रडून डोळे सुजलेल्या बाईचा अंगठा घेतला. नोंद झाली ती तिनं नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची. दोन महिन्यांत ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या गावी परत आली. आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं अर्ध्या तासावर. तेव्हापासून तलाठी, ग्रामसेवक, कुणीही हातात कागद घेऊन अंगणात आला की आत्या आधी घरात जायची आणि डाव्या अंगठ्याला चिंधी बांधूनच बाहेर यायची. "नखुरडं झालंय," म्हणायची. तलाठी जुना आणि थट्टेखोर माणूस होता. तो आल्या आल्या विचारायचा, "गोदाबाई, नखुरडं कसं हाय?" त्यावर आत्या तेवढ्याच गंभीरपणे सांगायची, "तुमी गेलात की उतरतंय."

आजोबांच्या मागं अण्णांनी शेताच्या सातबारावर आपल्या नावाबरोबर आत्याचंही नाव लावून घेतलं होतं. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून केलं. तरी आत्याचा त्यांच्यावरही पुरता भरवसा नव्हता. भाऊ चांगला आहे, पण भाऊच आहे, असं ती मायला तोंडावर म्हणायची, आणि माय आमच्याकडे बघून डोळे मिचकावायची. गिरणीत दळण टाकलं की आत्या तिथंच पोत्यावर बसून राही, कारण गिरणीवाला आपली टाळकी ज्वारी काढून दुसऱ्याची किडकी टाकील असं तिला वाटे. गिरणीचं इंजिन दुपारभर पुकपुक करत राही आणि सगळ्या गल्लीत डिझेलचा आणि गरम पिठाचा वास पसरे. संध्याकाळी भुवया पांढऱ्या झालेली आत्या डोक्यावर पिठाचा डबा घेऊन परत येई. भाकरीही तिच्या तीच थापायची. मायनं थापलेली भाकर पातळ असते, आणि ती मुद्दाम आपल्यालाच पातळ देते, हा तिचा कायमचा आरोप होता. मायचं म्हणणं, आक्काबाईंना दात राहिले नाहीत म्हणून मी पातळ करते. अंबाडीची भाजी, त्यात ज्वारीच्या कण्या, वर लसणाची फोडणी, आणि शेजारी या दोघींची अशी चाललेली तक्रार, हे आमचं रोजचं जेवण होतं. मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी हरभरा काढणीला आला होता तेव्हा आत्याची भाकर थापण्याची लय बिघडली. डावा हात ती उचलेना. मायच्या ते ध्यानात आलं. न्हाणीत पाठ चोळायच्या निमित्तानं तिनं पाहिलं, तर डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. आत्यानं ती कित्येक महिने लपवली होती. का लपवली विचारलं तर म्हणाली, "सांगितलं की कागद येतेत." मायला हसावं की रडावं कळेना.

अण्णांनी तिला जीपनं हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गाठ चाचपून नांदेडला जायला सांगितलं. नांदेडच्या दवाखान्यात गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी निकाल घ्यायला आम्ही तिघं गेलो, आत्या, अण्णा आणि मी. मला नेलं ते पाट्या वाचायला. डॉक्टरांच्या खोलीतून एक सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "गोदावरीबाईंसोबत पुरुष माणूस कोण आहे?" अण्णा आत गेले. ज्या बाईच्या छातीत गाठ होती ती बाई बाहेर बाकावर बसून राहिली. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. आत्याला मात्र वाटलं. ती दाराकडं टक लावून म्हणाली, "गाठ माझी, आन् आत ह्याला काहून नेलं?"

अण्णा बाहेर आले ते सरळ नळावर गेले. तोंड धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि मग आमच्याकडं आले. "गाठ हाय आक्का. काढावी लागते म्हणले. बारीक आपरेशन हाय."

"तोंड काहून धुतलं?"

"ऊन लागलं."

"सावलीत बसला व्हतास की."

परतीच्या गाडीत आत्या वाटेतलं एकही गाव न चुकवता खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीवर गेल्याचं बघून अण्णांनी मायला आणि मला गोठ्यात बोलावलं. खरा आजार काय आहे ते तिथं सांगितलं. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, "तो आजार" म्हणाले, आणि मायनं तोंडाला पदर लावला. डावी बाजू पूर्ण काढावी लागणार होती. काखेपर्यंत. लवकर काढली तर आक्का जगेल, असं डॉक्टर म्हणाले होते. "तिला सांगायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "तिला कळलं तर ती न्हाई म्हणंल. मरंल पण न्हाई म्हणंल, तुमाला ठाव हाय तिचा सोभाव. डॉक्टरबी म्हणले, घरच्यांनी ठरवा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुमे, ती तुलाच इचारंल. गाठ काढून राहिलेत, एवढंच म्हणायचं." मी तेव्हा दहावीला होते. घरातल्या मोठ्यांच्या बैठकीत मला पहिल्यांदाच घेतलं होतं. मला त्या दुपारी मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते. अण्णांना दोष देणं सोपं आहे, पण ते शेणात उकिडवे बसून बहिणीसाठी हुंदके देत होते. आणि आमच्या घरात त्या अवयवाला उघड बोलता येईल असा शब्दच नव्हता. जे नाव घेता येत नाही ते कापणार आहेत हे कुणी कुणाला कसं सांगायचं?

आठवडाभर घरात आम्ही कुजबुजत होतो. आत्या आली की आम्ही गप्प व्हायचो, किंवा एकदम म्हशीच्या दुधाबद्दल बोलायला लागायचो. माय तिला भाकरीबरोबर तूप वाढायला लागली. एवढं एकच कारण आत्याच्या संशयाला पुरेसं होतं. "मला तूप काहून वाढून राहिली?" तिनं मला एकटीला गाठून विचारलं. मी म्हटलं, "अंगात ताकद यावी म्हणून." तिनं संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं, अक्षरही न चुकता. तिच्या परीक्षेत कसं पास व्हायचं हे मी तिच्याचकडून शिकले होते. ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "शेताचंच कायतरी हाय. मला दवाखान्यात निजवून अंगठा घेनार तुमी."

मी तर सुटल्यासारखी हसले. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचाही चेहरा मोकळा झाला. आक्काला भीती शेताची आहे, मग ती भीती घालवता येते. ते दुसऱ्याच दिवशी तलाठ्याकडं गेले आणि सातबाराचा नवा उतारा शिक्क्यासकट घेऊन आले. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. बहिणीच्या ऑपरेशनला जाताना खिशात सातबारा घेऊन जाणारा दुसरा भाऊ मी अजून पाहिलेला नाही. त्यांच्या मनात तिळमात्र कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

नांदेडला बायकांच्या वॉर्डात आत्याला खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर हट्टा गावच्या जैतूनबी होत्या. त्यांच्या छातीला पांढऱ्या पट्ट्या होत्या. बोलक्या बाई. त्यांनी आत्याला खारी बिस्किटांचा पुडा पुढं केला, आत्यानं अर्थातच घेतला नाही, तरी त्या बोलत राहिल्या. "कुनाच्या हाताखाली हाय तुमचं? मोठ्या डॉक्टरच्या? हात बहोत हलका हाय त्यांचा. मला दोन दिवस तकलीफ झाली, बस. तुमचं बी हेच..." एवढ्यात अण्णा खाटेपाशी येऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "सुमे, आत्याला तोंड धुवायला ने." मी तिला हात धरून नळावर नेलं. परत आलो तोवर अण्णांनी वॉर्डबॉयला सांगून आत्याची खाट दुसऱ्या टोकाला, भिंतीलगत नेली होती. जैतूनबी लांबून आमच्याकडं बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.

"मला काहून हलवलं?" आत्या म्हणाली.

"खिडकीतून वारं लागतंय म्हणले," मी सांगितलं.

"कोन म्हणलं?"

"सिस्टर."

"कोनती? दाखव."

मी एका लांबच्या सिस्टरकडं बोट केलं. आत्यानं तिला नीट न्याहाळून ठेवलं. खोटं बोलणं एकदा सुरू झालं की त्याला रोज नवी माणसं पुरवावी लागतात, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवर आले. मागं चार-पाच शिकाऊ डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी अण्णांना विचारलं, "बाईंना समजावून सांगितलंय ना सगळं?" अण्णा म्हणाले, "व्हय साहेब." डॉक्टरांनी एक क्षण माझ्याकडं पाहिलं. बहुतेक माझ्या दोन वेण्या आणि हातातलं पुस्तक पाहून. "तू शिकतेस ना? त्यांना हा फॉर्म वाचून दाखव आणि मग अंगठा घ्या." मी मान हलवली. ते पुढच्या खाटेकडं वळले. या सगळ्यात आत्याला कुणी काही विचारलं नाही. ती दोन हात अंतरावर बसलेली होती आणि एकेका तोंडाकडं बघत होती. तिच्या डाव्या अंगठ्याला चिंधी होती.

आधी अण्णांनी सातबारा काढला. "वाच," मला म्हणाले. मी गट नंबर वाचला, आणेवारी वाचली, अण्णांचं नाव वाचलं, त्याखालचं गोदावरीबाईंचं नाव वाचलं. आत्यानं शिक्क्यावर बोट फिरवलं. "हे कवाचं?" "परवाचं," अण्णा म्हणाले. "तुझं नाव हाय तिथंच हाय आक्का, मी जित्ता हाय तवर कोन पुसत न्हाई." आत्याचे डोळे भरून आले. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. तिनं तो उतारा माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला, आणि दोन्ही वेळा तो सारखा निघाला. निघणारच होता, तो खरा होता. मग अण्णांनी तो परत खिशात ठेवला आणि तिनं अंगठ्याची चिंधी सोडायला सुरुवात केली.

सिस्टरनं फॉर्म आणला. छापील मराठी फॉर्म, मधल्या रेघेवर डॉक्टरांच्या अक्षरात इंग्रजी. मी वाचायला लागले. नाव, वय, गाव. इंग्रजी रेघेपाशी मी म्हटलं, "इथं आजाराचं नाव हाय, इंग्रजीत." ते आजाराचं नाव नव्हतं. काय कापणार ते लिहिलं होतं, आणि मला ते वाचता येत नसलं तरी माहीत होतं. मग पुढचं छापील वाक्य आलं. ते मी नेहमीच्या सवयीनं, शाळेतल्यासारखं खणखणीत वाचलं: "माझ्यावर करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियेचे स्वरूप व परिणाम मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले आहेत."

आत्यानं हात थांबवला. "कोनी सांगितलं?"

मी त्या ओळीवरचं बोट तिथंच ठेवलं.

"मला तर कोनी सांगितलं न्हाई. तू सांगितलंस का?"

अण्णा माझ्याकडं बघत होते. सिस्टर शाईचा पॅड उघडून उभी होती. ते चार-पाच क्षण आजही मला आठवतात. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर कुणी माझा हात धरणार नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, ते तसं छापलेलंच असतं. समद्यांच्याच कागदावर असतं."

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच ते खोट्यापेक्षा वाईट होतं. आत्या म्हणाली, "पुन्यांदा वाच." सिस्टर म्हणाली, "बाई, टेबल तयार आहे, चला लवकर." आत्यानं एकदा अण्णांच्या खिशातल्या घडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि अंगठा पुढं केला.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढं सरकवून पेनानं तीन ठिकाणी फुल्या केल्या, "मॅडम, इथं, इथं आणि इथं." मी चष्मा लावून पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला लागले. मागं रांग खोळंबली. माझा मुलगा लाजून बाजूला जाऊन उभा राहिला. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, ते स्टँडर्ड असतं." मी तिला म्हटलं, "बाळा, मला ठाऊक आहे. मीच पहिल्यांदा म्हटलं होतं ते." तिला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे.

आत्याचं ऑपरेशन चांगलं झालं. दोन दिवस ती गुंगीत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर येऊन तिनं उजवा हात पट्ट्यांवरून फिरवला, एकदा, मग परत एकदा, सावकाश, काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत. मी खाटेशी बसले होते. ती ओरडली नाही. तिनं मला म्हटलं, "ती फाईल घे. तो कागद काढ." खाटेच्या पायाशी फाईल अडकवलेली होती. मी कागद काढला. खाली तिचा निळा अंगठा होता, थोडा फिसकटलेला. "आता वाच दुसऱ्यांदा."

मी वाचलं. नाव, वय, गाव. इंग्रजी रेघेपाशी आले आणि तिथं बोट ठेवलं. म्हटलं, "इथं लिवलंय, डावं थान पुरतं काढनार." आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी मोठ्यानं उच्चारला. आत्यानं डोळे मिटले. "त्या दिशी तू आजाराचं नाव म्हणलीस," एवढंच ती बोलली. तिनं मला पकडलं होतं, तिच्याच पद्धतीनं, पण या वेळी पकडून उपयोग नव्हता. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. तिनं पाय मागं घेतले नाहीत आणि माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

आत्या त्यानंतर चौदा वर्षं जगली. अण्णा गावभर अभिमानानं सांगायचे, आक्काला मी वाचवलं. ते खोटं नव्हतं. डॉक्टरांचा हात खरंच हलका होता, आजार परत आला नाही. कधी मी विषय काढला तर अण्णा चिडायचे. "जित्ती हाय ना? मंग काय पायजे तुला?" आत्या भाकरी थापायला लागली, गिरणीवर जायला लागली, गिरणीवाल्याशी भांडायला लागली. फक्त माझ्याकडून तिनं पुन्हा कधी काही वाचून घेतलं नाही. कागद आला की शेजारच्या नव्या सुनेला बोलवायची. मी घरात बसलेली असले तरी तिलाच. त्या सुनेला अडखळत अडखळत वाचावं लागे, आणि मी चुलीपाशी बसून ते ऐकत असे. मला झालेली ती शिक्षा होती, आणि ती योग्य होती असं मला वाटतं.

माझं लग्न झालं, नोकरी लागली. एका सुट्टीत माहेरी आले होते. अंगणात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग पडला होता आणि आत्या नि मी समोरासमोर बसून शेंगा सोलत होतो. माय आत वरणाला फोडणी देत होती. इतक्या वर्षांनी मला धीर झाला. मी म्हटलं, "आत्या, तवा मी खरं सांगितलं असतं, तर तू काय म्हणली असतीस?"

तिनं हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे टोपल्यात टाकले.

"लई बार इचार केला त्याचा," ती म्हणाली. "कधी वाटतंय, व्हय म्हणले असते. जीव कोनाला नको? कधी वाटतंय, साफ न्हाई म्हणले असते आन् घरी येऊन मेले असते. खरं काय ते मला ठावंच न्हाई. मी इचार करून सांगायच्या आधीच तुमी समद्यांनी माझ्याबदली व्हय म्हणून टाकलं. थान गेलं त्याचं काई न्हाई पोरी. मी काय म्हणले असते, ते गेलं."